एकसष्टचं उत्तर, आणि ते सांभाळणारी माणसं

एक कोडं घ्या. सारख्या मापाच्या ६० चौरस खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत चौकोनी फरशा बसवलेल्या आहेत. या सगळ्या खोल्यांतल्या फरशा उचलायच्या, त्यात वरून फक्त एक फरशी घालायची आणि त्या सगळ्या वापरून एक मोठा चौरस हॉल भरायचा. एकही फरशी उरता कामा नये, कमीही पडता कामा नये. तर प्रत्येक खोलीच्या एका बाजूला कमीत कमी किती फरशा हव्यात?

उत्तर आहे ४. एका खोलीत १६ फरशा, ६० खोल्यांत ९६०, वरची एक धरून ९६१, आणि ९६१ म्हणजे ३१ चा वर्ग. हॉल तयार.

आता ६२ खोल्या घ्या. उत्तर ८. प्रत्येक खोलीत ६४ फरशा, एकूण ३९६८, अधिक एक म्हणजे ३९६९, आणि हा ६३ चा वर्ग. हेही तोंडी जमण्यासारखं आहे.

मग मधल्या ६१ चं काय? ४ आणि ८ च्या मधलं काहीतरी असेल, पाच-सहा वगैरे? नाही. खोलीच्या एका बाजूला २२,६१,५३,९८० फरशा लागतात आणि हॉलच्या एका बाजूला १,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार, एकोणपन्नास. यापेक्षा लहान उत्तर नाहीच. फरशी एक सेंटीमीटरची धरली तरी खोली २,२६१ किलोमीटर लांब होते आणि हॉल १७,६६३ किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, म्हणजे हॉल बांधायला पृथ्वीवर जागा नाही :)

हे उत्तर इ. स. ११५० मध्ये एका माणसाने हाताने काढून पुस्तकात लिहून ठेवलं होतं. त्याचं नाव भास्कराचार्य आणि पुस्तक 'बीजगणित'. एवढी गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठल्या ना कुठल्या फॉरवर्डमध्ये वाचलेली असते. फॉरवर्ड तिथेच संपतो आणि खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' असं लिहिलेलं असतं. माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. आकडा काढला कसा, आणि काढल्यावर तो साडेआठशेहून जास्त वर्षं टिकला कसा? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपला मराठवाडा बऱ्यापैकी आहे, म्हणून हा लेख.

*

आधी कोडं गणिताच्या भाषेत मांडू. हॉलची बाजू क्ष आणि खोलीची बाजू य धरली तर

क्ष² − ६१ × य² = १

याला आपल्याकडे 'वर्गप्रकृती' म्हणत. ६१ ही प्रकृती, य हे कनिष्ठ मूळ, क्ष हे ज्येष्ठ मूळ आणि उजवीकडचा १ हा क्षेप. शब्द जरा जड आहेत, पण 'क्षेप' तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागेल. क्षेप म्हणजे उजवीकडे उरलेला आकडा. आपल्याला तो १ हवा आहे.

आपण प्रोग्रामर लोक अशा वेळी पहिल्यांदा काय करू? एक लूप. य = १ पासून सुरू करा, ६१य² + १ काढा, वर्ग आहे का बघा, नसेल तर पुढे. करून बघण्यासारखं आहे, कारण ६१ हा आकडा लूपवाल्यांना व्यवस्थित खड्ड्यात घालतो. साधा ३२ बिटचा इंटिजर घेतला तर य ५,९३३ च्या पुढे गेला की ६१य² त्यात मावत नाही आणि पुढचे आकडे कचरा येतात. गंमत म्हणजे शेवटचं उत्तर १,७६,६३,१९,०४९ मात्र त्याच इंटिजरमध्ये आरामात बसतं (त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७). उत्तर मावतं, पण उत्तराकडे जायची वाट मावत नाही. बरं, डबल घेतला तर? उत्तरापाशी दोन्ही बाजू अशा आहेत:

क्ष² = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१
६१य² = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४००

एकोणीस आकडी संख्या आणि फरक फक्त शेवटच्या एकाचा. एवढ्या मोठ्या आकड्यांपाशी डबलमध्ये दोन शेजारच्या संख्यांत ५१२ चं अंतर असतं. म्हणजे त्याला हा एकचा फरक दिसूच शकत नाही. ६४ बिटचा इंटिजर घेतला की काम होतं. सेकंदाला शंभर कोटी आकडे तपासणारं मशीन असेल तर पाव सेकंदसुद्धा लागत नाही.

मग झालं की! पद्धत हवी कशाला?

तर ६१ च्या जागी १०९ ठेवा. त्याच मशीनला त्याच वेगाने सव्वाचार तास लागतील. १८१ ठेवा. आता साधारण पावणेसहा वर्षं (आणि आकडे ६४ बिटमध्येही मावणार नाहीत). हे आकडे हळूहळू वाढत जात नाहीत, मध्येच कुठेतरी उसळी मारतात. १०० च्या आतल्या संख्यांत सगळ्यात मोठी उसळी ६१ ची आहे. ६१ चा विक्रम थेट १०९ मोडतो. म्हणजे भास्कराचार्यांनी उदाहरणासाठी घेतलेला ६१ हा साधासुधा नमुना नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर तो वर्स्ट केस होता. पद्धत इथे चालली तर तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

*

आता पद्धत. नववीचं बीजगणित येत असेल तर कळेल, घाबरू नका.

पाया भास्कराचार्यांचा नाही, तो ब्रह्मगुप्ताचा आहे, इ. स. ६२८ चा. त्याने दाखवलं की अशी दोन अर्धवट उत्तरं हातात असतील तर त्यांचा एक प्रकारे 'गुणाकार' करून तिसरं उत्तर बनवता येतं. एकाचा क्षेप ३ आणि दुसऱ्याचा ५ असेल तर नव्याचा क्षेप १५. या क्रियेला 'भावना' म्हणतात. नियम असा: (अ, ब) आणि (क, ड) या दोन जोड्यांतून नवी जोडी

ज्येष्ठ = अक + ६१बड, कनिष्ठ = अड + बक

(६१ च्या जागी तुमची प्रकृती घाला.) ब्रह्मगुप्त याच्या जोरावर बरंच पुढे गेला. ९२ चं उदाहरण देऊन तो म्हणतो, हे जो वर्षभरात सोडवेल तो खरा गणिती. उत्तर ११५१ आणि १२०. ही भावना वापरून क्षेप १, २ किंवा ४ (अधिक वा उणे) असलेल्या जोडीवरून १ क्षेपाच्या उत्तरापर्यंत कसं जायचं हेही त्याने सांगून ठेवलं. पण क्षेप ३ किंवा ७ असा अडला तर पुढे जायचा पक्का रस्ता त्याच्याकडे नव्हता.

तो रस्ता म्हणजे 'चक्रवाल'. ६१ वर चालवून बघू.

६१ च्या सगळ्यात जवळचा वर्ग ६४. म्हणून सुरुवात: ८² − ६१ × १² = ३. क्षेप ३ आला, हवा होता १.

आता एक आकडा म निवडायचा. अट एक: ८ + म ला ३ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. अट दोन: म चा वर्ग ६१ च्या जितका जवळ असेल तितका बरा. पहिल्या अटीत १, ४, ७, १० बसतात. त्यातला ७ चा वर्ग ४९ सगळ्यात जवळ आहे, म्हणून म = ७. मग ७² − ६१ × १² = −१२ ही दुसरी जोडी झाली. दोघांची भावना करा:

ज्येष्ठ = ८ × ७ + ६१ = ११७
कनिष्ठ = ८ + ७ = १५
क्षेप = ३ × (−१२) = −३६

ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोन्हींना ३ ने भाग जातो (म तसाच निवडला होता ना!), आणि क्षेपाला ९ ने. उरलं काय?

३९² − ६१ × ५² = −४

१५२१ वजा १५२५. बरोबर. युक्ती इथेच आहे. भावनेमुळे क्षेप वाढतो, पण भाग दिल्यावर पुन्हा लहान होतो. आकडे हाताबाहेर जात नाहीत. चाक फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत क्षेप आवाक्यात राहतो. म्हणून नाव चक्रवाल.

−४ आला की ब्रह्मगुप्ताचा जुना शॉर्टकट चालतो. ३९ आणि ५ यांचं अर्ध करा, म्हणजे क्षेप −१ होतो. पण मुळं अपूर्णांकात गेली. हरकत नाही, त्याच जोडीची स्वतःशी भावना करा, मग आलेल्याची पुन्हा मूळ जोडीशी करा. अपूर्णांक आपोआप जातात:

२९७१८² − ६१ × ३८०५² = −१

आता फक्त चिन्ह बदलायचं राहिलं. या जोडीची स्वतःशी एकदा भावना केली की −१ गुणिले −१ म्हणजे १:

कनिष्ठ = २ × २९७१८ × ३८०५ = २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ = २९७१८² + ६१ × ३८०५² = १,७६,६३,१९,०४९

संपलं. बावीस कोटी फेऱ्यांचं काम धुळीच्या पाटीवर अर्ध्या-पाऊण तासात होतं. सगळ्यात अवघड काय, तर पाच आकडी गुणाकार. (पाटीगणित हा शब्द त्या पाटीवरूनच आला.) या उत्तराचा आणखी एक गुण: क्ष ला य ने भागलं तर ६१ चं वर्गमूळ दशांश चिन्हानंतर १७ स्थळांपर्यंत बरोबर येतं.

*

पाचशे वर्षांनी, फेब्रुवारी १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये पिएर द फर्माने फ्रेनिकल नावाच्या गणितज्ञाला पत्र लिहून हाच प्रश्न टाकला. फार त्रास नको म्हणून लहान आकडे देतो, असं म्हणत त्याने दोन आकडे दिले: ६१ आणि १०९. वर पाहिलंच, हे दोन्ही विक्रमवीर आहेत. म्हणजे फर्मालाही नेमकं ठाऊक होतं की कळ कुठे आहे. भास्कराचार्यांचं पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलं होतं असं मात्र नाही. दोन माणसांनी पाच शतकांच्या आणि अर्ध्या जगाच्या अंतरावरून एकच दगड उचलून पाहिला आणि दोघांनाही तो जड लागला, एवढंच. इंग्लंडच्या ब्रंकर आणि वॉलिस यांनी फर्माच्या आव्हानावर पद्धत शोधली. पुढे ऑयलरने चुकून श्रेय पेल नावाच्या तिसऱ्याच माणसाला दिलं, आणि तेव्हापासून जगभर याला 'पेलचं समीकरण' म्हणतात. १७६८ च्या सुमारास लाग्रांजने सिद्ध केलं की पूर्ण वर्ग नसलेली कुठलीही संख्या घ्या, उत्तर असतंच आणि सापडतंच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. हे 'सापडतंच' भास्कराचार्यांनी सिद्ध केलेलं नाही. चाक फिरवा, उत्तर येतं, असं ते सांगतात. चाक कायमचं फिरत राहणार नाही याची खात्री कशी, ते पुस्तकात नाही. ज्यांनी कधी 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणत कोड प्रॉडक्शनला टाकलाय त्यांना हा फरक वेगळा समजावायला नको. चक्रवाल दरवेळी थांबतंच ही सिद्धता म्हैसूरच्या कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. त्यांचा लेख १९२९ च्या सुमाराचा. (कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील.) पद्धत आणि तिची हमी यांच्यात पावणेआठशे वर्षं गेली.

आणि दुसरी गोष्ट, फॉरवर्डमध्ये कधीच नसलेली. चक्रवाल भास्कराचार्यांनी शोधलेलंही नाही. १९५४ मध्ये लखनौचे गणित-इतिहासकार कृपाशंकर शुक्ल यांनी एका जुन्या टीकेतला मजकूर तपासून प्रसिद्ध केला. उदयदिवाकर नावाच्या पंडिताने १०७३ मध्ये लिहिलेल्या 'सुंदरी' या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाचे वीस श्लोक उतरवलेले होते आणि त्यात हीच चक्राची पद्धत होती. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या आधीपासून ती होती.

हा जयदेव कोण, कुठला? त्याचं स्वतःचं पुस्तक उरलं नाही. दुसऱ्या कोणीतरी आपल्या टीकेत वीस श्लोक उतरवून घेतले म्हणून तो नावापुरता वाचला. तोही शुक्लांनी उघडून बघेपर्यंत नऊशे वर्षं कोणाच्या ध्यानात नव्हता.

आता प्रश्न असा. पद्धत तीच, दोघांच्या काळातलं अंतरही फार नाही. मग जयदेव बुडाला आणि भास्कराचार्य तरले, असं का? भास्कराचार्यांची मांडणी जास्त चांगली होती हे एक कारण असेलच. पण दुसरं कारण जास्त जमिनीवरचं आहे. भास्कराचार्यांना मागे माणसं मिळाली.

*

चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे, पाटणादेवीमुळे प्रसिद्ध. सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. कन्नडचा घाट चढला की मराठवाडा. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल आपल्या दरबारी घेऊन गेला. नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. (ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले ते चांगदेव वेगळे.) या नातवाने पाटण्याला मठ काढला. कशासाठी? आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. लेखात तसं स्वच्छ लिहिलंय.

मला त्या लेखाचा सगळ्यात जास्त आवडणारा भाग म्हणजे शेवटच्या काही ओळी. वरचा मजकूर संस्कृत आहे, आणि शेवटी भाषा बदलून जुनी मराठी येते. कारण तिथे हिशोब आहे. मठ चालवायला बाजारातून काय काय मिळायचं त्याची नोंद आहे, आणि त्यात घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा आहे. म्हणजे १,७६,६३,१९,०४९ हा आकडा पुढच्या पिढीला शिकवला जावा म्हणून गावातला तेली पळीभर तेल देत होता. त्याला वर्गप्रकृती माहीत असायचं कारण नाही. पण मठातला दिवा त्याच्या तेलावर जळला असणार. आज ज्याला आपण फंडिंग म्हणतो ते हेच.

भास्कराचार्यांचं गाव कुठलं यावर वाद आहे. ते स्वतः सह्याद्रीच्या कुशीतलं 'विज्जडविड' सांगतात. कोणी ते पाटण्याजवळ धरतं, कोणी विजापूर म्हणतं, आणि विज्जडविड म्हणजे आपलं बीड असं मानणारेही आहेत. मी या वादात पडत नाही. मला जन्मगावापेक्षा पुढचा प्रवास महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात मराठवाड्याचा हक्क वादातीत आहे.

नांदेडहून गोदावरीच्या उलट दिशेने वर गेलं की परभणी जिल्ह्यात पाथरी लागतं. साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादामुळे २०२० मध्ये बातम्यांत आलेलं, तेच. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव पार्थपूर. १५०३ च्या सुमारास इथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. हा मोठा वल्ली माणूस असावा. त्याने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं, जे सरळ वाचलं तर रामाची कथा आणि अक्षरं उलटीकडून वाचली तर कृष्णाची. असा माणूस गणिताकडे वळला तर काय करेल? त्याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका'.

टीका म्हणजे आजच्या अर्थाने कोणाला नावं ठेवणं नव्हे. टीका म्हणजे मूळ सूत्र घ्यायचं, शब्द न शब्द फोडायचा, उदाहरण करून दाखवायचं आणि हे असं का ते सांगायचं. मूळ ग्रंथ पद्यात, पाठ करायला सोयीचा, म्हणून भलताच आखूड असतो. टीकेशिवाय तो वाचणं म्हणजे कमेंट नसलेला, एका अक्षरी व्हेरिएबलांचा कोड वाचणं. भास्कराचार्यांनी स्वतःही आपल्या श्लोकांना गद्य स्पष्टीकरण जोडलं होतं, पण चारशे वर्षांनी भाषा आणि सवयी बदलतात, डॉक्युमेंटेशन पुन्हा लिहावं लागतं. पाथरीत बसून सूर्यदासाने ते लिहिलं. गोदेच्या उत्तर काठावरच्या गोलग्रामचं एक घराणं आणि वऱ्हाडातून काशीला गेलेला कृष्ण दैवज्ञ हेही त्याच साखळीतले. कृष्ण दैवज्ञाने तर 'बीजगणिता'वरच्या टीकेत उपपत्ती देण्यावर भर दिला, म्हणजे नियम का चालतो ते.

आता जरा वेगळी कडी. १६३४-३५ मध्ये 'बीजगणित' फारसीत गेलं. भाषांतर करून शाहजहानला अर्पण करणाऱ्याचं नाव अताउल्ला रशीदी. ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. पुढे १६६०-६१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबरा उभा राहिला. त्याच्या दरवाज्यावरच्या लेखात वास्तुकार म्हणून नाव आहे अताउल्ला, आणि सोबत हंसपत राय. मकबऱ्यासमोर आपण सगळ्यांनी सहलीत फोटो काढलेत आणि 'ताजची कॉपी' म्हणून नाकही मुरडलंय. तो बांधणाऱ्याने त्याआधी पंचवीस वर्षं चक्रवाल समजून घेऊन फारसीत उतरवलं होतं, हे तिथे कोणी सांगत नाही. देवगिरीचा किल्ला तिथून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, जिथल्या राजाच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू होता.

याच फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रॅची याने १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक काढलं. चार वर्षांनी, १८१७ मध्ये, कोलब्रुकने थेट संस्कृतवरून भाषांतर केलं आणि मग युरोपातल्या गणितज्ञांना कळलं की फर्माचं कोडं आधीच सुटलेलं होतं. कोलब्रुकचं पुस्तक उघडून तळटीपा बघा. अवघड जागी तो ज्या टीकाकारांचा आधार घेतो, त्यात सूर्यदास आहे. पाथरीच्या माणसाने लिहिलेलं स्पष्टीकरण लंडनमध्ये छापलं गेलं. मूळ लेखकाचं नाव मोठ्या टायपात, सूर्यदासाचं तळाला बारीक अक्षरात. पण तो तळ काढला तर वरचा मजकूर लागायला अवघडच गेलं असतं.

*

हे सगळं लिहायचं कारण असं. आपल्याकडे अभिमान बाळगायचा तो शोध लावणाऱ्याचा, अशी पद्धत आहे. 'सगळ्यात आधी आपण' हे वाक्य आपल्याला फार प्रिय. पण सगळ्यात आधी कोण होतं ते बघायचं तर तो जयदेव होता, किंवा त्याच्याही आधीचा कोणी असेल, आणि त्याचं पुस्तक आपणच हरवलं. आधी असणं त्याला वाचवू शकलं नाही. भास्कराचार्यांना वाचवलं ते नातवाने, तेल्याने, पाथरीच्या टीकाकाराने आणि एका वास्तुकाराने. यातल्या कोणीही चक्रवालात नवा शोध लावलेला नाही. त्यांनी ते शिकून घेतलं, पुढच्याला कळेल असं करून दिलं.

लातूर आणि नांदेडइतकी शिकण्या-शिकवण्यावर जगणारी शहरं महाराष्ट्रात थोडी आहेत. लातूर पॅटर्न हा शब्द राज्यभर चालतो. दरवर्षी बाहेरगावची हजारो पोरं येतात, खोल्या भाड्याने घेतात, झेरॉक्सच्या दुकानात नोट्सचे गठ्ठे हातोहात जातात. या नोट्स म्हणजे एका अर्थाने आजच्या टीकाच. एकाने समजून घेऊन दुसऱ्यासाठी लिहिलेल्या. त्यांना हसण्यात अर्थ नाही, आपल्यापैकी कित्येकांच्या नोकऱ्या त्या गठ्ठ्यांवर उभ्या आहेत. फक्त त्यातून काय पुढे जातं आणि काय गळतं, ते बघायला हवं. शॉर्टकट पुढे जातो, 'का' गळतो. परीक्षा दोन तासांची असेल तर ते साहजिक आहे. पण अभ्यासक्रम बदलला की शॉर्टकट रद्दीत जातो. सूर्यदासाची टीका लंडनमध्ये उपयोगी पडली, कारण ती वाचून अनोळखी भाषेतल्या, अनोळखी काळातल्या माणसाला मूळ मजकूर स्वतः लावता आला.

वरचं ६१ चं उदाहरण मुद्दाम पूर्ण करून दिलंय. त्यात भागाकार, गुणाकार आणि एक सूत्र यापलीकडे काही नाही. घरात नववी-दहावीतलं कोणी असेल तर त्याच्याकडून १३ चं करून घ्या. सुरुवात ४² − १३ × १² = ३ अशी होते, उत्तर तीन आकडी आहे, कागदाची एक बाजू पुरते. जमलं की त्याला विचारा, म निवडताना भाग जाण्याची अट कशाला घातली? उत्तर पटकन आलं नाही तरी चालेल. त्याने दोन दिवस घ्यावेत.